एका खोलीतील गाव : सामायिक भाड्याच्या निवासातील तंटे आणि त्यांच्या निवारणाची परंपरा

प्रस्तावना

‘बिऱ्हाड’ हा शब्द मराठीत दोन अर्थांनी रूढ आहे. तात्पुरता मुक्काम हा एक अर्थ आणि त्या मुक्कामाला लागणारी चीजवस्तू हा दुसरा. घर मालकाचे असते, बिऱ्हाड भाडेकरूचे असते. भाडेकरूने आपल्या जागेत आणखी कोणाला भाड्याने ठेवून घेतले तर तो ‘पोटभाडेकरू’ ठरतो. परंतु एकच खोली बरोबरीच्या नात्याने भाड्याने घेऊन राहणाऱ्या माणसांच्या परस्परसंबंधाला मराठीत स्वतंत्र नाव नाही. आजचे विद्यार्थी ‘रूम पार्टनर’ हा उसना शब्द वापरतात. भाषेतील ही उणीव कायद्यातही आढळते. भाडेविषयक कायद्याने मालक आणि भाडेकरू हे दोनच पक्ष गृहीत धरले. एका छपराखाली राहणाऱ्या भाडेकरूंचे आपापसांत काय चालते, याची दखल त्याने जवळजवळ घेतली नाही. वास्तविक रोजचे तंटे तेथेच उद्भवतात. पाणी, झोप, चूल, भाड्याचा वाटा, उशिरा परतणे आणि गावाकडून आलेला पाहुणा हे त्यांचे नेहमीचे विषय होत.

हा प्रश्न आज मंगळवेढ्यासारख्या तालुक्याच्या ठिकाणीही महत्त्वाचा आहे. आसपासच्या खेड्यांतून शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी येणारी मुले-मुली दोघे-चौघे मिळून खोली घेतात. त्यांच्यातील भांडणे मालकापर्यंत पोहोचतात तेव्हा बहुधा खोली सोडणे हा एकच मार्ग उरलेला असतो. महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात या प्रश्नाला एक सविस्तर उत्तर शोधले गेले होते, ते मुंबईच्या गिरणगावातील ‘गावकीच्या खोली’त. प्रस्तुत लेखात त्या व्यवस्थेची घडण, तिचे बळ, तिच्या मर्यादा आणि तिचा ऱ्हास यांचा विचार केला आहे. ही व्यवस्था कायद्याच्या अभावात उभी राहिली, गावाच्या धाकावर टिकली आणि खोलीला मालमत्तेची किंमत आली तेव्हा ढासळली, असे या विवेचनाचे सूत्र आहे.

स्थलांतराची पार्श्वभूमी

मंगळवेढे हे पर्जन्यछायेतील गाव. दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी धान्याची कोठारे रयतेसाठी खुली केली, ही कथा या गावाच्या नावाशी कायमची जोडली गेली आहे. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाने सोलापूरच्या प्रदेशाला होरपळून काढले. देशावरील शेतकऱ्याला आणि बलुतेदाराला गाव सोडून मजुरी शोधण्याची वेळ वारंवार आली. त्याच काळात कापड गिरण्यांचा विस्तार होत होता. मुंबईत १८५० च्या दशकात सुरू झालेला हा उद्योग १८७० नंतर झपाट्याने वाढला आणि सोलापूर शहरातही १८७७ मध्ये गिरणी उभी राहिली. मुंबईच्या गिरण्यांना मनुष्यबळ पुरवण्यात रत्नागिरी जिल्हा दीर्घकाळ आघाडीवर होता. त्याच्या जोडीला सातारा, पुणे, कोल्हापूर, तत्कालीन अहमदनगर आणि सोलापूर या भागांतून माणसे येत राहिली. मुंबईच्या बोलीत पहिल्यांना ‘कोकणी’ आणि दुसऱ्यांना ‘घाटी’ म्हटले जाई.

हे स्थलांतर एकेकट्याचे नव्हते. नवखा मनुष्य मुंबईत उतरला की गावच्या माणसाचा पत्ता शोधत जाई. गिरणीत काम मिळायचे ते मुकादमाच्या, म्हणजे जॉबरच्या ओळखीने. राहण्याची जागा मिळायची ती गाववाल्याच्या खोलीत. बायकामुले आणि म्हातारे आई-वडील बहुधा गावीच राहत. पगारातील काही भाग मनिऑर्डरने गावाला जाई. शेतीच्या हंगामात आणि सणाला, विशेषतः शिमग्याला व गणपतीला, माणूस परत जाई. त्यामुळे मुंबईची खोली हे बिऱ्हाडच राहिले, घर गावाकडेच होते. पुढील विवेचनात ही गोष्ट महत्त्वाची ठरते.

एक खोली, अनेक चुली

१८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबई सुधार ट्रस्टची स्थापना झाली. १९२० मध्ये गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत विकास खाते, म्हणजेच बीडीडी, सुरू करण्यात आले. या खात्याने वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाइल रोड येथे २०७ चाळी बांधल्या. सर्वसाधारणपणे प्रत्येक चाळीत ८० खोल्या आणि प्रत्येक खोली सुमारे १६० चौरस फुटांची अशी रचना होती. खासगी मालकांच्या चाळी याहून अधिक दाटीच्या होत्या. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील जनगणनांनुसार मुंबईतील बहुसंख्य लोक एका खोलीच्या घरात राहत होते.

या दाटीचे एक बोलके उदाहरण १९२० च्या दशकाच्या आरंभीचे आहे. गिरणी कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाची पाहणी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरांना १५ फूट बाय १२ फूट अशा एका खोलीत ६ कुटुंबे आढळली. जमिनीवर ६ वेगळ्या चुली मांडलेल्या होत्या. मुले धरून माणसांची संख्या ३० होती. हे उदाहरण दाटीचा पुरावा म्हणून नेहमी दिले जाते. त्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. भिंत घालणे शक्य नव्हते, म्हणून हद्द चुलीने आखली गेली होती. मराठी कुटुंबात ‘चूल वेगळी होणे’ म्हणजे वाटणी होणे. गावाकडच्या वाटणीची हीच खूण त्या ३० माणसांनी मुंबईच्या खोलीत वापरली आणि एका जागेत ६ संसार मांडले.

जागा वाटता येत नसेल तर वेळ वाटावी लागते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विद्यार्थिदशेविषयी चरित्रकारांनी नोंदवलेला प्रसंग या दृष्टीने बोलका आहे. परळच्या डबक चाळीतील एका खोलीत सर्वांना एकाच वेळी झोपणे आणि अभ्यास करणे अशक्य असल्याने वडील रामजी सुभेदार रात्री २ वाजेपर्यंत जागत, मग मुलाला अभ्यासाला उठवत आणि त्याच्या जागी स्वतः आडवे होत. गिरणी कामगारांच्या खोल्यांत हेच तत्त्व पाळ्यांच्या रूपाने चाले. दिवसपाळीचा माणूस कामावर गेला की रातपाळीचा माणूस त्या जागी अंग टाकी. उरलेले गॅलरीत, जिन्यात किंवा फूटपाथवर झोपत.

गावकीची खोली : व्यवस्था आणि तंटानिवारण

ज्या खोल्यांत केवळ पुरुष राहत, त्यांतून ‘गावकीची खोली’ आकाराला आली. एखाद्या गावाच्या, वाडीच्या किंवा भावकीच्या माणसांनी मिळून खोली भाड्याने घ्यायची, भाडेपावती एकाच्या नावावर असायची, पण खोली गावाची मानायची, असा हा प्रकार होता. कोकणातील आणि कोल्हापूरच्या दक्षिण भागातील अनेक गावांच्या अशा खोल्या गिरणगावात आणि गिरगावात होत्या. त्यांतील कित्येकांना ग्रामस्थ मंडळाचे रूप आले. प्रत्येकाच्या वाट्याला एक ट्रंक ठेवण्याची जागा आणि एक खुंटी येई. जेवणाची सोय खाणावळवालीकडे असे. भाडे सर्वांच्या वर्गणीतून भरले जाई.

अशा खोलीत तंटे मिटवण्याची रीत समजून घेताना तीन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात.

पहिली गोष्ट म्हणजे नियम प्रवेशाआधी ठरलेले असत. नवा माणूस खोलीत येताना कोणाच्या ओळखीने येतो, वर्गणी किती, ट्रंक कोठे ठेवायची, हे त्याला आधी सांगितले जाई. त्याच्या वागण्याची जबाबदारी त्याला आणणाऱ्यावरही असे. त्यामुळे तंटा उभा राहिला तरी ‘हे मला माहीत नव्हते’ असे म्हणण्याची सोय नसे.

दुसरी गोष्ट म्हणजे निवाडा बैठकीत होई. खोलीचा कारभार पाहणारा जाणता माणूस हिशेब ठेवी आणि वर्गणी थकली, भांडण झाले किंवा कोणी दारू पिऊन गोंधळ घातला तर सर्वांना बसवून विषय मांडला जाई. गावातील पंचांच्या बैठकीचे हे छोटे रूप होते. मराठेशाहीतील गोतसभेप्रमाणेच येथेही निर्णयाचे वजन सर्वांच्या उपस्थितीतून येत असे.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे निर्णय न मानण्याची किंमत मुंबईत नव्हे, गावात मोजावी लागे. खोलीतील वागणूक पुढच्या सणाला गावात कळत असे. घरातील लग्नकार्य, शेतीतील मदत, आजारपणातील आधार हे सर्व त्याच माणसांवर अवलंबून होते. एकमेकांपासून सुटका नाही, ही जाणीवच तडजोडीस भाग पाडत असे. खोली सोडून जाणे सोपे होते, गाव सोडणे मात्र तसे नव्हते.

या व्यवस्थेला समांतर अशी मध्यस्थाची आणखी एक जागा होती. गिरणीतील मुकादम आणि वस्तीतील ‘दादा’ हेही तंटे सोडवत. ते उधारी देत, खोली मिळवून देत, मालकाशी बोलणी करत. परंतु त्यांचा निवाडा उपकाराच्या बदल्यात मिळणारा होता. कर्जाखालचा कामगार मुकादमाचे न ऐकण्याचे धाडस करू शकत नसे. गावकीच्या बैठकीत निदान प्रत्येकाला बोलण्याचा हक्क होता.

गोमंतकीयांची ‘कूड’

हीच रचना अधिक लिखित स्वरूपात गोमंतकीय ख्रिस्ती समाजाच्या ‘कुडीं’मध्ये दिसते. कोकणीत खोलीला कूड म्हणतात. जहाजांवरील खलाशी, स्वयंपाकी, वादक अशा कामांसाठी मुंबईत आलेल्या गोमंतकीयांनी आपापल्या गावाच्या नावाने धोबी तलाव, माझगाव या भागांत अशी निवासस्थाने चालवली. त्यांना ‘क्लब’ असेही म्हणत. धोबी तलावाच्या जेर महाल या इमारतीत अशा अनेक कुडी होत्या. गावाच्या संताची वेदी, संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना, ट्रंकेची ठरलेली जागा, सभासदांनी निवडलेले पदाधिकारी आणि आचरणाचे नियम ही कुडीची लक्षणे होत.

गावकीची खोली आणि कूड यांचा धर्म, भाषा आणि व्यवसाय वेगळे होते. गोवा तर १९६१ पर्यंत पोर्तुगीज अमलाखाली होता. तरीही दोन्ही ठिकाणी उत्तर सारखे निघाले. यावरून ही व्यवस्था एखाद्या जातीच्या किंवा प्रदेशाच्या स्वभावातून निर्माण झाली नाही, परिस्थितीतून निर्माण झाली, असे अनुमान करता येते. गावी परत जायचे असलेले पुरुष, अपुरी जागा आणि दाद मागण्यासाठी जवळचे न्यायपीठ नसणे, या तिन्ही बाबी दोन्हीकडे समान होत्या.

गावकुसाबाहेरचे

या व्यवस्थेचे गुणगान करताना तिची दुसरी बाजू झाकता येणार नाही. मंगळवेढ्याच्या गावकुसाचे बांधकाम चालू असताना भिंत कोसळून संत चोखामेळा यांचा अंत झाला, असे परंपरा सांगते. त्याचे वर्ष १३३८ मानले जाते. ज्या भिंतीच्या आत राहण्याचा हक्क नव्हता, तीच भिंत बांधताना त्यांना मृत्यू आला. मुंबईला गेलेल्या गावाने आपले गावकूसही बरोबर नेले. खोली गावाची असली तरी अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींच्या माणसांना सवर्णांच्या खोलीत जागा नसे. त्यांच्या चाळी आणि वस्त्या वेगळ्या राहिल्या. गिरणीतही अधिक मजुरीच्या विणकाम खात्यात त्यांना प्रवेश नव्हता, कारण तेथे धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागे आणि विटाळाची भावना आड येई. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न ठामपणे मांडला होता. खोलीतील एकोपा हा अशा प्रकारे माणसे आधीच गाळून मिळवलेला एकोपा होता.

स्त्रियांनाही या खोल्यांत स्थान नव्हते. मात्र खोली चालत होती ती त्यांच्या श्रमावर. गावी शेती सांभाळणारी पत्नी आणि मुंबईत डझनावारी पुरुषांचे जेवण रांधणारी खाणावळवाली या दोघीही बैठकीच्या बाहेर राहिल्या. जेवणाचे पैसे थकले तर खाणावळवालीने दाद कोठे मागावी, याचे उत्तर गावकीकडे नव्हते. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली आणि या स्त्रिया प्रथमच संघटितपणे बँकेच्या कर्जापर्यंत पोहोचल्या.

गावकीच्या निर्णयामागील धाक हेही दुधारी शस्त्र होते. त्याचे टोकाचे रूप म्हणजे वाळीत टाकणे. कोकणातील गावकीच्या बहिष्काराच्या तक्रारी पुढे आल्यावर महाराष्ट्र विधिमंडळाने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराला प्रतिबंध करणारा कायदा संमत केला आणि तो २०१७ मध्ये अमलात आला. ज्या बळावर खोलीतील तंटे मिटत होते, त्याच बळाचा अतिरेक आज गुन्हा ठरला आहे.

कायद्याची नजर

तंटे खोलीच्या आतच का मिटवले गेले, याचे स्पष्टीकरण कायद्याच्या रचनेतही सापडते. पहिल्या महायुद्धाच्या काळात १९१८ मध्ये मुंबईत भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा झाला. त्यानंतरचा सर्वांत प्रभावी कायदा म्हणजे १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण अधिनियम. तो १३ फेब्रुवारी १९४८ रोजी अमलात आला. त्या दिवशी मंगळवेढे सांगली संस्थानात होते. संस्थान ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. म्हणजे मुंबईचा भाडेकरू या कायद्याच्या छत्राखाली आला तेव्हा मंगळवेढ्याचा भाडेकरू संस्थानी अमलाखाली होता.

या कायद्याने सप्टेंबर १९४० चे भाडे आधारभूत मानले आणि भाडेकरूला हकालपट्टीपासून संरक्षण दिले. मात्र दोन तरतुदी सहनिवासाच्या दृष्टीने महत्त्वाच्या होत्या. भाडेकरूने किंवा त्याच्याबरोबर राहणाऱ्याने शेजाऱ्यांना उपद्रव दिला तर मालकाला जागेचा ताबा मागता येई. त्याचप्रमाणे पोटभाडेकरू ठेवण्यास सामान्यतः मनाई होती. गावकीच्या खोलीत पावती एकाच्या नावावर आणि राहणारे तीस. भांडण न्यायालयापर्यंत गेले असते तर बाकीच्यांचे राहणेच बेकायदा ठरण्याची भीती होती. एकाच्या दंग्यापायी सर्वांचे छप्पर जाण्याचा हा धोका होता. बैठकीतील सामोपचाराला कायद्याच्या धास्तीचेही पाठबळ होते, ते असे.

याच कायद्यात भाडेकरूच्या मृत्यूनंतरच्या हक्काविषयी एक लक्षणीय तरतूद होती. मृत्यूच्या वेळी त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयांपैकी कोणाला भाडेकरू मानावे, हे त्यांनी सहमतीने ठरवायचे आणि सहमती न झाल्यास न्यायालयाने ठरवायचे. सहमतीला अग्रक्रम देणारी ही दृष्टी उदार होती, पण ती कुटुंबापुरती होती. एका खोलीत ३० वर्षे शेजारी अंथरूण टाकणारा गाववाला ‘कुटुंबीय’ नव्हता. कायद्याच्या लेखी तो कोणीच नव्हता.

खोलीची मालमत्ता होते तेव्हा

भाडे गोठले आणि शहरातील जागेची किंमत वाढत गेली. त्यामुळे पागडीची प्रथा फोफावली. १९७३ च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी परवान्याने राहत असलेल्यांना भाडेकरूचे संरक्षण दिले. हेतू चांगला होता. पण आज ठेवून घेतलेला मनुष्य उद्या हक्क सांगेल ही शंका त्यातून वाढीस लागली. त्यानंतर १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. हजारो कामगार गावी परतले, त्यांतील अनेक पुन्हा आलेच नाहीत. पाळ्यांवर आधारलेले खोलीचे वेळापत्रक गिरणीच्या भोंग्याबरोबर थांबले.

पुढे १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने जुन्या उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासाला चालना दिली. बीडीडी चाळींच्या पुनर्विकासाचे भूमिपूजन २०१७ मध्ये झाले आणि पात्र रहिवाशाला ५०० चौरस फुटांचे मालकीचे घर देण्याचे ठरले. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या एका खोलीत संसार केला, त्या कुटुंबांना हा न्याय होता. गावकीच्या खोलीपुढे मात्र वेगळाच पेच उभा राहिला. पावतीवरील नाव कधीच वारलेल्या गाववाल्याचे असेल तर नवे घर त्याच्या वारसांचे की गावाचे? जोवर खोली केवळ पाठ टेकण्याची जागा होती, तोवर तंटा ‘कसे राहायचे’ याविषयीचा होता आणि तो बैठकीत सुटत होता. आता तो ‘कोणाचे आहे’ या प्रश्नापर्यंत येऊन ठेपला. सहवासाचे तंटे तडजोडीने मिटतात, कारण उद्या पुन्हा एकत्र राहायचे असते. मालकीच्या तंट्यात तो उद्या नसतो.

समारोप

महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक केले. ११ महिन्यांचा परवाना करार आता तालुक्याच्या गावातही परिचित झाला आहे. परंतु हाही करार मालक आणि राहणारा यांच्यातील असतो. चार विद्यार्थी एकत्र राहतात तेव्हा त्या चौघांमध्ये कोणताही करार नसतो. गावकीच्या खोलीत जी जागा रूढीने भरली होती, ती आज रिकामी आहे. त्या विद्यार्थ्यांना बांधणारे सामायिक गावही नाही.

संसदेने २०२३ मध्ये संमत केलेल्या मध्यस्थता कायद्यात परिसरातील शांतता बिघडवू शकणाऱ्या तंट्यांसाठी तीन मध्यस्थांच्या मंडळाची कल्पना मांडली आहे. अशा समझोत्याला न्यायालयीन हुकूमनाम्याचे बळ मात्र दिलेले नाही. म्हणजे पाळणाऱ्यांच्या इच्छेवाचून त्याला दुसरा आधार नाही. ही इच्छा कशातून निर्माण होते, याचे उत्तर इतिहासात आहे. आधी ठरलेले नियम, सर्वांसमोर मांडलेला हिशेब आणि प्रत्येकाला बोलू देणारी बैठक या तीन गोष्टी गावकीच्या खोलीने दिल्या. वसतिगृहे आणि महाविद्यालये त्या आजही विद्यार्थ्यांना शिकवू शकतात. खोली घेताना एका कागदावर वाटे, वेळा आणि पाहुण्यांविषयीचे नियम लिहून चौघांनी सह्या केल्या तरी निम्मे तंटे उगवण्यापूर्वीच विरतील.

त्याच खोलीने आणखी दोन गोष्टी दिल्या होत्या, जातीची चाळणी आणि बहिष्काराचा धाक. त्या सोडून द्याव्याच लागतील. मग प्रश्न उरतो तो असा की, धाकाशिवाय आणि गावकुसाशिवाय तोच सामोपचार साधता येईल का? एकमेकांचे गाव, जात आणि भाषा न विचारता एकत्र राहू पाहणाऱ्या पिढीला या प्रश्नाचे उत्तर स्वतःच घडवावे लागणार आहे. भाड्याची खोली ही त्याची पहिली पाठशाळा आहे.